दातात भरून विसरून जायचं सिमेंट

लग्नकार्यात कुणी माझी ओळख "या दातांच्या मटेरियलच्या कंपनीत होत्या" अशी करून दिली की समोरचा माणूस नमस्कार करायच्या आधी आ करतो. मी डॉक्टर नाही, केमिस्ट आहे, हे सांगेपर्यंत त्याने गालात बोट घालून मागची दाढ दाखवलेली असते. "हे बघा, इथलं सिमेंट दोनदा पडलं." मी बघते. मांडवात उजेड चांगला असतो आणि मला खरंच उत्सुकता असते. चोवीस वर्षं मी हेच सिमेंट बनवत होते. ते पडलं की लोक डॉक्टरला नावं ठेवतात, आमच्यापर्यंत कुणी पोचत नाही. त्यामुळे कधीमधी कुणी तोंड उघडून पुढ्यात उभं राहिलं, तर आपल्या वाटणीचं ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

आमची कंपनी म्हणजे भिवंडीजवळ अंजूरला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक गाळा. एका बाजूला टाइल्सचं गोदाम, दुसऱ्या बाजूला घरपोच सामान पाठवणाऱ्यांचं. दोन्हीकडे दिवसभर ट्रक मागे घ्यायची ओरड, आणि मधे आम्ही दहा-बारा माणसं पांढरे कोट घालून. मालक काशिनाथशेठ तिथलेच. त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, त्यातल्या एका गाळ्यात दातांचं सामान बनवणारा भाडेकरू होता. तो म्हातारपणी मुलाकडे परदेशी गेला आणि जाताना यंत्रं आणि माणसं शेठच्या हवाली करून गेला. शेठ म्हणायचे, "मी भात पिकवाचा, मंग गाले बांधले, आता लोकांचे दात भरताव. देवाच्या मनात काय व्हतं त्यालाच म्हाईत." शाळा दहावीपर्यंतच झालेली, पण न कळलेली गोष्ट तीनदा विचारायला हा माणूस लाजायचा नाही. मी भिवंडीतल्या शाळामास्तरांची मुलगी, एम.एस्सी. झालेली, एकदाही विचारायला लाजणारी. त्यामुळे आमचं बरं जमलं.

आम्ही साधंच सिमेंट करत होतो आणि ते बरं चाललं होतं. एका दुपारी डॉक्टर अनघा आल्या. भिवंडीत त्यांचा दवाखाना आहे. आमचा माल त्या वापरायच्या आणि त्यातल्या चुका तोंडावर सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी एक प्लास्टिकची डबी माझ्या टेबलावर उपडी केली. तांदळाच्या कण्यांएवढे सात-आठ तुकडे पडले. लोकांच्या दातांतून निघालेलं आमचंच सिमेंट.

"बघा वैशालीताई, एकही फुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं सिमेंट शाबूत आहे. त्याच्या भोवतीचा दात किडला, म्हणून ते सुटून पडलं."

हे जरा समजावून सांगते. हल्ली डॉक्टर दातात जे पांढरं भरतात, ते म्हणजे काचेची मैद्याहून बारीक पूड आणि मधासारखं चिकट रसायन यांचं मिश्रण. दातात बसवेपर्यंत ते मऊ असतं. मग त्यावर निळा उजेड धरला की काही सेकंदांत दगड होतं. पण घट्ट होताना ते किंचित आकसतं. दात आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट राहू शकते. आपल्याला ती दिसत नाही, जंतूंना मात्र तेवढी पुरते. ते आत शिरतात, आपण खाल्लेल्या गोडावर जगतात, आम्ल सोडतात आणि दात आतून पोखरतात. मग पुन्हा कोरा, पुन्हा भरा. दर वेळी खड्डा मोठा होतो, आणि शेवटी दात काढावा लागतो.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"सिमेंटला चिकटलेले जंतू तिथेच मरतील असं काहीतरी करा."

शेठ दारात चहाचा कप घेऊन उभे होते. म्हणाले, "मंग करूया की. आपल्याला कोन आरवतंय?"

कुणी अडवलं नाही हे खरं. तरी त्या वाक्यामागे आमची नऊ वर्षं गेली.

पहिला प्रयोग चांदीचा. चांदी जंतूंना मारते हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही चांदीची सूक्ष्म पूड मिसळली, जंतू मेले, आणि आठवडाभरात सिमेंट पावसाळी ढगासारखं करडं झालं. शेठने तो नमुना स्वतःच्या पुढच्या दातासमोर धरून आरशात पाहिलं आणि परत दिला. दुसरा प्रयोग जंतुनाशक औषधाचा. तेही उत्तम चाललं, तीन आठवडे. औषध विरघळून बाहेर जायचं आणि जंतूंना मारायचं. सगळं बाहेर गेल्यावर सिमेंटमध्ये त्याच्या रिकाम्या जागा तेवढ्या उरायच्या. मी पकडीत धरून दाबलं तर जाळीदार बिस्किटासारखा भुगा झाला.

तेव्हा कळलं की औषध सिमेंटमध्ये नुसतं ठेवून भागणार नाही, ते सिमेंटचाच भाग झालं पाहिजे. असे रेणू असतात, ज्यांचं एक टोक उजेड पडल्यावर बाकीच्या रसायनाला कायमचं जोडलं जातं आणि दुसऱ्या टोकावर जंतूचं कवच फाडणारा विद्युतभार असतो. जंतू येऊन टेकला की कवच फाटतं. रेणू जागचा हलत नाही, संपतही नाही. जगात इतरांनी यावर काम केलं होतं, मी ते वाचत होते. पण वाचलेलं आणि आपल्या गाळ्यात घोटलेलं यात फरक असतो. तो रेणू कमी घातला तर जंतू मजेत राहतात. जास्त घातला तर सिमेंट पाणी पितं, मऊ पडतं, पिवळं होतं. शिवाय लाळेचा पातळ थर वर बसला की निम्मा असर जातो. म्हणजे मजबूत हवं, जंतूंना मारणारं हवं आणि माणसाला अपाय न करणारं हवं. दोन गोष्टी साधल्या की तिसरी निसटायची. मी प्रत्येक मिश्रणाला नंबर देत गेले.

या कामाला खरे दात लागतात. डॉक्टर अनघा आणि त्यांच्या ओळखीचे दोघे-तिघे डॉक्टर, पेशंटची सही घेऊन, काढलेल्या दाढा आम्हाला द्यायचे. आम्ही त्या साफ करून औषधी पाण्यात, बरणीत ठेवायचो. याच दिवसांत शेठच्या आईची अक्कलदाढ काढावी लागली. मूळ सैल झालं होतं, दाढ मात्र धडधाकट, एक डाग नाही. डॉक्टरांनी विचारून ती आम्हाला पाठवली. दुसऱ्या दिवशी आई स्वतः रिक्षाने गाळ्यावर हजर. हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, हातात काठी.

"बाय, माजा दात हिकडं आलाय म्हनतान. कंचा त्यो?"

मी बरणी दाखवली. त्यांनी सगळ्या दाढा निरखून पाहिल्या आणि एका दाढेवर बोट ठेवलं. लेबल पाहिलं तर ती त्यांचीच होती. कशी ओळखली, मला आजही सांगता येणार नाही.

"याचं काय करनार तुमी?"

"भोक पाडून त्यात सिमेंट भरणार, आणि मग ते किती टिकतं ते बघणार."

"चांगल्या दाताला भोक?" त्यांनी बरणीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "या दातानं मी पन्नास वरसं सुका जवला, भाकर खाल्ली. त्याला वाया घालवू नको. काय व्हतंय त्ये मना येऊन सांग."

मी सांगत राहिले. दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या दाढेचा अहवाल घेऊन मी त्यांच्या ओटीवर जायची. त्या सुनांना बोलावून ऐकायला लावायच्या. इतक्या लक्षपूर्वक माझा अहवाल पुढे कुठल्याही परिषदेत कुणी ऐकला नाही.

आता चावण्याचं यंत्र. सिमेंट किती टिकेल हे पाहायला दातावर लाखो वेळा चावल्यासारखा दाब द्यावा लागतो, तोही आलटून पालटून गरम आणि थंड पाण्यात, म्हणजे चहा आणि आइसक्रीम. अशी यंत्रं परदेशात मिळतात. त्यांच्या माहितीपत्रकातली किंमत पाहून शेठने ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "ह्यो दिवसभर काय करतो? वर-खाली, वर-खाली. आपली भिवंडी दुसरं काय करते?"

त्यांनी मकबूलभाईंना आणलं. मकबूलभाई पॉवरलूमचे फिटर, पन्नाशीचे, मूळ उत्तर प्रदेशातले, पण भिवंडीत इतकी वर्षं काढलेले की हिंदीत बोलताना मराठी आणि मराठीत बोलताना हिंदी यायची. लूमच्या आवाजाने एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळं पुन्हा विचारायचे. मी त्यांना समजावलं की एका सळीच्या टोकाला पोलादी गोळी बसवायची, ती दाढेवर ठरावीक जोराने आपटली पाहिजे, हजार वेळा नाही, लाखो वेळा, आणि प्रत्येक वेळी जोर तोच हवा.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, आदमी सीधा चबाता है के तिरछा?"

मी एम.एस्सी., पण हे कधी मोजून पाहिलं नव्हतं. म्हटलं, "थोडं तिरकं असावं."

"असावं नाय चलेगा. कितना तिरछा?"

पुढचे चार दिवस ते आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले ते शर्टाची एक बाही फाटलेली. झालं असं की ते जेवणाच्या वेळी नाक्यावरच्या हॉटेलात बसून लोकांचे जबडे निरखत होते. एका ट्रक ड्रायव्हरला वाटलं, हा माणूस आपल्या ताटाकडे बघतोय. त्याने एकदा हटकलं. मकबूलभाईंनी खरं ते सांगितलं, की मी तुमचं तोंड बघतोय. त्यावर प्रकरण वाढलं. हॉटेलवाल्याने मधे पडून सोडवलं. पण मकबूलभाई भलतेच खूश होते. "मॅडम, पहले ऊपर से आता है, फिर जरासा बाजू को सरकता है, फिर छोडता है. रोटीवाला जास्ती सरकता है, चावलवाला कम." आणि त्यांनी खिशातून एक पुठ्ठा काढला. त्यावर जबड्याची वाट पेन्सिलीने काढली होती. मी पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहिली. आकृती जवळजवळ तीच.

यंत्र उभं राहिलं ते जुन्या लूमच्या सुट्या भागांतून. धक्का देणारी दांडी, तिला फिरवणारा दंडगोल आणि कापडात किती धागे पडले ते मोजणारा काउंटर, तो आता चावे मोजू लागला. गरम पाण्याला घरातला गीझर, थंड पाण्याला दूध थंड ठेवायची जुनी टाकी. पहिल्या दिवशी यंत्राने आठ दाढांचा चुरा केला. दुसऱ्या दिवशी तीन. मकबूलभाई प्रत्येक दाढेपाशी हळहळायचे, "किसी का दांत है बेचारे का," आणि स्प्रिंग बदलायचे. महिन्याभरात यंत्र असं चालू लागलं की हात लावायला नको. पुढे एका प्रयोगशाळेत आमच्या काही नमुन्यांची परदेशी यंत्रावर तपासणी झाली. निकाल आमच्याशी जुळले. तो कागद मी मकबूलभाईंना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच पुन्हा विचारलं नाही. एकदाच ऐकलं आणि चष्मा पुसला.

आता जे सांगणार आहे ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

सत्ताविसावं मिश्रण हातात आलं आणि मला वाटलं, झालं. रंग दुधासारखा. यंत्रावर उत्तम टिकलं. जंतूंच्या तपासणीत, साध्या सिमेंटच्या चकतीवर वाढलेले जंतू मोजता येत नव्हते इतके, आणि आमच्या चकतीवर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मी ती काचेची थाळी उजेडासमोर धरून सगळ्यांना दाखवत फिरले. शेठने तर भिवंडी, पडघा, अंबाडीपर्यंतच्या दातांच्या डॉक्टरांना अंजूरला जेवायला बोलावलं. माल दाखवायचा, पुढे डेंटल कॉलेजातर्फे पेशंटवर चाचणी घ्यायची, त्याची घोषणा करायची.

जेवणाच्या दहा दिवस आधी बाहेरच्या प्रयोगशाळेतून एक अहवाल आला. आमचा नमुना ज्या पाण्यात ठेवला होता, त्या पाण्यात हिरड्यांच्या पेशी टाकल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच मेल्या होत्या. म्हणजे निळ्या उजेडानंतरही काही रेणू जोडले न जाता मोकळे राहत होते, पाझरत होते आणि जंतूंबरोबर माणसाच्या पेशींनाही मारत होते.

मी तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. आठ दिवस ठेवला. मनाशी म्हणत राहिले, नमुना नीट धुतला नसेल, परत पाठवू, जेवण तर होऊन जाऊ दे. खरं काय ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. सत्तावीस नंबर माझा होता, आणि तो मोडावा असं वाटत नव्हतं, इतकंच. त्या आठ दिवसांत मी शेठच्या आईकडेही गेले नाही.

नवव्या दिवशी शेठ गाळ्यावर आले, आचाऱ्याची यादी घेऊन. मला दाखवत म्हणाले, "मॅडम, पेशंटांवर घ्याचं तवा पयली माजी आई. तिच्या पुढच्या दाताला कीड हाय. तिनं सांगून ठेवलंय."

मी ड्रॉवर उघडला आणि कागद त्यांच्या हातात दिला. तारीख वर होतीच. त्यांनी तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले.

"समजावून सांगा," ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी सवयीप्रमाणे तीनदा विचारलं. मग आचाऱ्याची यादी घडी करून खिशात घातली.

"आठ दिवस तुमी जेवला का नीट?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मंग झाली तेवढी शिक्षा पुरे. पन मॅडम, पुन्यांदा आसा कागूद आला त आधी मना. चांगला कागूद दोन दिवस उशिरा दिला तरी चालंल."

मला वाटलं, आता जेवण रद्द. पण शेठ म्हणाले, आमंत्रणं गेलीत, कोंबड्या सांगून ठेवल्यात, लोक येणार. आणि लोक आले, चाळीसेक डॉक्टर. काशिनाथशेठ उठून उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "तुमाला माल दाखवाला बोलावला व्हता. माल तयार न्हाय. त्याच्यातून जे पाझरतं त्ये हिरडीला वाईट हाय, आमच्याच तपासनीत सापडलं. जेवा, कोंबडी तयार हाय." मग पडघ्याचे एक वयस्क डॉक्टर हसू लागले, आणि सगळा मांडव हसला. त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या कमी पडल्या. जाताना त्या पडघ्याच्या डॉक्टरांनी माझ्याजवळ येऊन सांगितलं, "तीस वर्षांत कंपनीवाल्यांची पुष्कळ जेवणं खाल्ली बाई. माल तयार नाही असं सांगून जेवायला घालणारी ही पहिलीच." पुढे आमच्या सिमेंटवर जर कुणी सगळ्यात आधी विश्वास ठेवला असेल, तर या चाळीस माणसांनी. तो विश्वास मला मिळवता आला नसता. माझा कागद ड्रॉवरमध्येच राहिला असता. याची टोचणी मला अजून आहे.

त्यानंतर आम्ही रेणू अधिक शुद्ध करून घेतला, प्रमाण खाली आणलं, उजेडाने जोडणी पक्की करणारं रसायन बदललं, काचेची पूड आणखी बारीक केली. जंतू थोडे कमी मरू लागले, पण पुरेसे मरत होते, आणि पेशी जगत होत्या. नमुने महिनोन्महिने अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवले, मग यंत्रावर चढवले. शेचाळीस नंबरला तिन्ही गोष्टी एकत्र राहिल्या. या वेळी मी कुठलीही थाळी घेऊन फिरले नाही. अहवाल आला, त्याच तासाला शेठच्या टेबलावर ठेवला.

कॉलेजातल्या चाचणीला त्यांची समिती बसते, एकेक कागद तपासते. समितीने सांगितलं की मालकाच्या घरातलं कुणीही पेशंट म्हणून चालणार नाही. हा निरोप आईंना सांगायची वेळ माझ्यावर आली. त्या म्हणाल्या, "माजा दात घेतला तवा चाललं, आता तोंड चालत न्हाय?" मी म्हटलं, "आई, तुम्ही आमच्यातल्याच ना, म्हणून." हे त्यांना आवडलं आणि त्यांनी दात दुसऱ्या, साध्या सिमेंटने भरून घेतला.

चाचणी अशी होती. ज्यांच्या दोन दाढा किडलेल्या, त्यांच्या एका दाढेत आमचं आणि दुसरीत साधं सिमेंट. कोणतं कुठे, हे पेशंटला माहीत नाही आणि पुढे तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ते फक्त बंद पाकिटांत. दोन वर्षांनी सगळ्यांना बोलावून तपासायचं, मग पाकिटं फोडायची.

या धंद्यातली मोठी अडचण बाहेरच्यांना सुचणार नाही. ज्याचा दात दुखतो तो न बोलावता येतो. ज्याचा दुखत नाही, तो बोलावूनही येत नाही. दोन वर्षांनी आम्ही फोन लावू लागलो तर अर्ध्या लोकांना दातात काही भरलं होतं हेही आठवेना. बाकीचे हळूहळू आले. मंजुळा नावाची बाई मात्र सापडेना. ती पडघ्याला एका गोदामात पॅकिंगला होती, ते काम सोडून गेली होती आणि फोन बंद. प्रत्येक पेशंट मोलाचा, म्हणून मी आणि डॉक्टर अनघा निघालो. पडघ्याला तिच्या जुन्या शेजारणीने सांगितलं, अंबाडीला असते, पोळी-भाजी करते. अंबाडी नाक्यावर विचारत विचारत पोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये चार बाया पोळ्या लाटत होत्या आणि मंजुळा हिशोबाने डबे भरत होती.

"डॉक्टरबाई, माजं काय चुकलं?" ती घाबरलीच.

"काही नाही गं. दाढ बघायची होती, आपलं ठरलं होतं ना दोन वर्षांनी."

"दुखतच न्हाय त मी कशाला येऊ?"

डॉक्टर अनघा माझ्याकडे बघून हसल्या. मंजुळाने एका अटीवर यायचं कबूल केलं, दुपारचे डबे गेल्यावर, आणि आम्ही तोवर जेवून घ्यायचं. आम्ही जेवलो. वांग्याची भाजी होती, फार चांगली.

कॉलेजात तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातला, बॅटरीचा उजेड टाकला, बारीक सुईने चाचपलं. एका दाढेपाशी ते लगेच थांबले, कड तपकिरी झाली होती, तसं लिहून घेतलं. दुसरी दाढ मात्र त्यांना सापडेना. त्यांनी शेजारच्या बाईंना तक्ता वाचायला सांगितला, पुन्हा पाहिलं, दात वाळवून पाहिला. मग म्हणाले, "हां, ही. दात कुठे संपतो आणि भरलेलं कुठे सुरू होतं, कळत नाही."

पुढे पाकिटं फुटली. सगळीकडे इतकं सुंदर नव्हतं. काही साधी सिमेंटंही उत्तम होती, आणि आमचं एक भरलेलं कोपऱ्यात तुटलं होतं. पण कडेने कीड शिरलेली आमची एकही दाढ नव्हती. मंजुळाची ती न सापडलेली दाढ आमची होती. कॉलेजच्या प्राध्यापकांनी सांगितलं की दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, अजून पाहत राहावं लागेल. ते बरोबरच होतं. अजूनही दरवर्षी पाहणी चालू आहे, आणि मंजुळाला आणायला अंबाडीला जावंच लागतं.

परवाना मिळून माल बाजारात आला, त्याच वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाला शेठच्या आईंनी मला हिरवं लुगडं नेसवलं. मकबूलभाईंनी आणलेला हार आधी यंत्राला घातला, आणि माझ्यासाठी हार उरला नाही म्हणून तोच काढून मला घातला.

मग गेल्या हिवाळ्यात माझीच दाढ किडली. इतरांच्या दातांची एवढी काळजी वाहिलेल्या बाईची. डॉक्टर अनघा गावाला गेल्या होत्या, म्हणून मी घराजवळ नव्याने दवाखाना उघडलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या मला ओळखत नव्हत्या. मीही ओळख सांगितली नाही. त्यांनी दाढ कोरली, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि एक छोटी नळी हातात घेतली. तिच्यावरचं लेबल मला उलटं दिसत होतं, तरी मी वाचलं.

"काकू, आता मी हे नवीन भरणार आहे," त्या समजावून सांगू लागल्या. "यात नुसतं सिमेंट नाही. याच्यावर जंतू बसला ना, की तिथेच मरतो. आणि औषध बाहेर येत नाही, त्यामुळे तुम्हाला काही त्रास नाही. आपल्या अंजूरला बनतं, माहितीये? बाहेरचं नाही."

त्यांनी लाळेच्या थराचंही सांगितलं, तेही बरोबर. मी बोळे घातलेलं तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. मग त्यांनी निळा उजेड धरला आणि मनात सेकंद मोजू लागल्या. मीही मोजत होते.

उजेड बंद करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या चपापल्या. "काकू, डोळ्यांत पाणी? दुखलं का?"

बोलता येत नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि बोटाने खूण केली की दुसऱ्या बाजूचीही एकदा बघा, तिथेही काही भरायचं आहे का.